चाळीतून चाळीत

मुंबईत डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत मी चौतीस वर्षं काढली. खोली १६० चौरस फुटांची. निवृत्त झालो आणि गावी, बेल्ह्याला, हिश्श्याला आलेल्या तुकड्यावर घर बांधायचं ठरवलं. तेव्हा भावकीला जमवून मी एकच अट जाहीर केली. म्हटलं, "काय वाटेल ते बांधू, पण आता चाळ नको."

भावकी गप्प झाली. जरा वेळाने धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "चाळ नको कशी दादा? मग कांदा कुठं ठेवणार?"

बेल्ह्यात चाळ म्हणजे कांद्याची. माणसंही चाळीत राहतात हे इथे सांगावं लागतं, आणि सांगितलं की लोक आपल्याकडे जरा कणवेने बघतात. पु. लं.च्या ‘बटाट्याची चाळ’चा आधार घेऊन मी एक विनोद तयार केला होता, की बटाट्याच्या चाळीतून निघालो आणि कांद्याच्या चाळीत आलो. तीन ठिकाणी करून पाहिला. दोन ठिकाणी कुणी हसलं नाही. तिसऱ्या ठिकाणी एकाने गंभीरपणे सांगितलं की बटाटा चाळीत टिकत नाही, त्याला कोल्ड स्टोअरेज लागतं.

बेल्हे जुन्नर तालुक्याच्या उगवतीच्या अंगाला, कल्याण-नगर रस्त्यावर. मावळतीला आळेफाटा, उगवतीला आणे घाट. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला माळशेज आणि नाणेघाट. तिथे ढग इतके सांडतात की आमच्यापर्यंत पोचताना त्यांच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. येतात, तोंड दाखवतात, नगरकडे निघून जातात. वैशाखात पारा चाळिशीला टेकतो आणि पौषात पहाटे अंगणात बोललेला शब्द वाफ होऊन दिसतो. अशा ठिकाणी घराने ऊनही सोसायचं आणि गारठाही. मुंबईत हा प्रश्न नव्हता. तिथे बाराही महिने घाम एकच, आणि त्याचं कारण चाळ कमिटी.

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी नावाजलेला. तिथे माणूस बैल घेतो तेव्हा दात मोजतो, खूर उचलून बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावलं चालवतो, मग उपरण्याखाली दलालाची बोटं दाबत अर्धा दिवस घालवतो. तोच माणूस घर बांधायला निघाला की मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, "हे असं पाहिजे." फोटोत कुणाच्या तरी घराचं तोंड असतं. याला एलिव्हेशन म्हणतात. पुढून दोन खांब, मध्ये काच, वर एक कमान, कमानीवर कमळ. मागून घर कसं आहे, आत हवा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, हे कुणी विचारत नाही. घराचे दात कुणी मोजत नाही.

मिस्त्रींनी मला पहिला प्रश्न तोच केला. "पुढून कसं पाहिजे?"

मी म्हटलं, "आधी सांगा, हवा कुठून येणार?"

त्यांनी हायवेकडे बोट केलं. "हवेला काय तोटा? दिवसरात्र गाड्या चालू असतात."

शेवटी सल्ल्यासाठी मी भाच्याला फोन लावला. भाचा जर्मनीत, स्टुटगार्टला, इंजिनिअर. जावई असता तर एवढा मान दिला नसता, पण भाचा आहे आणि हुशार आहे. त्याने दोन दिवसांत नकाशे पाठवले आणि व्हिडिओ कॉलवर तासभर समजावलं. त्या देशात डार्मश्टाट नावाच्या गावात १९९१ साली लोक एका घरात राहायला गेले. ते असं, की त्याला गरम ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागे पंधरा युनिटांच्या आतच ऊब लागावी. भिंतींना वीतभर जाडीचं आवरण, खिडक्यांना तिहेरी काच, आणि फट म्हणून कुठे ठेवायची नाही. पंखा लावून घराला फुगवून बघतात, किती हवा निसटते ते मोजतात, आणि जास्त निसटली तर घर नापास. मग ताज्या हवेसाठी एक यंत्र बसवायचं. बाहेर जाणारी शिळी हवा जाता जाता आत येणाऱ्या गार हवेला आपली ऊब देऊन जाते.

शेजारी चुलती लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे आधी सगळ्या फटी बुजवायच्या, आणि मग हवेला पैसे देऊन आत बोलवायची?"

"आजी, सगळ्यांकडे यंत्र नसतं. बाकीच्यांनी दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या. कितीतरी भाडेकरारांत तसं लिहिलेलंच असतं."

"आणि नाही उघडल्या तर?"

"भिंतीला बुरशी येते. मग घरमालक डिपॉझिटमधून कापतो."

"सासूच की रे ती," चुलती म्हणाली, आणि तिने जर्मनीचा विषय संपवला.

भाच्याचं चुकत होतं असं नाही. त्याच्याकडे सहा महिने बाहेरची थंडी आत येऊ द्यायची नसते. बेल्ह्याचं दुखणं वेगळं. आम्ही साधारण १९ अक्षांशावर. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्याला आणि एकदा जुलैच्या शेवटाला. जुलैत निदान ढगांचा पडदा असतो. मेमध्ये दुपारी उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाऊन बसते. अशा वेळी ऊन भिंतीवर नाही, सगळं छपरावर पडतं. भिंतींना स्वेटर घालून उपयोग काय, डोकं उघडं असल्यावर? आपल्या लोकांनी हे ओळखून फेटा शोधला. घराला मात्र आपण फेटा बांधत नाही.

जुन्या लोकांनी बांधला होता. आमचा पडका वाडा मला आठवतो. दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर तुळया, तुळयांवर लाकडाच्या चिपा, त्यावर पाला आणि वर हातभर पांढरी माती. त्याला माळवद म्हणायचे. माळवदाला मध्ये एक भोक असायचं, सवणं. त्यातून उजेड खाली यायचा आणि चुलीचा धूर वर जायचा. दुपारी आजोबा त्या घरात घोंगडी पांघरून झोपत. पावसाळ्यात तेच घर ठिबकायचं, आणि जेवताना ताटात वरून कधी माती, कधी विंचू यायचा. त्यामुळे माळवदाची आठवण काढून मी गळा काढणार नाही. पण दुपारी घोंगडी लागायची हे खरं.

लेण्याद्रीला तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनी बांधण्याच्या भानगडीतच न पडता डोंगर कोरला. गिरिजात्मजाचं देऊळ आहे ते लेणं आत एवढं मोठं, पण मध्ये एक खांब नाही. तोंड दक्षिणेला, म्हणजे थंडीत खाली उतरलेलं ऊन आत डोकावतं. डोक्यावर अख्खा डोंगर, म्हणजे मेमध्येही आत गारवा. मी मिस्त्रींना मुद्दाम तिथे नेलं. पायऱ्या चढून दोघे आत टेकलो, घाम वाळला, मन प्रसन्न झालं. म्हटलं, "मिस्त्री, असं काहीतरी करा." ते छताकडे बघत म्हणाले, "डबर किती जाईल ओ याला?"

भिंतीचा निकाल मात्र हौदावर लागला. भाच्याच्या आग्रहाने मी सिपोरेक्सचे चार ब्लॉक नमुन्याला आणले होते. त्याचं शास्त्रीय नाव वेगळं आहे, पण स्वीडनच्या तंत्राने पुण्यात मुंढव्याला शिर्क्यांनी हा माल काढला तेव्हापासून आपल्याकडे कुठलाही फुगलेला ब्लॉक सिपोरेक्सच. आत बंद हवेचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून उष्णता विटेच्या मानाने साधारण पाव हिश्श्यानेच आत सरकते. हे सगळं मी मिस्त्रींना सांगत होतो. त्यांनी उत्तर म्हणून ब्लॉक उचलला आणि बांधकामाच्या हौदात टाकला.

ब्लॉक तरंगला.

सेंट्रिंगची पोरं खाली आली. विहिरीवरच्या बाया हंडे ठेवून आल्या. ब्लॉक आपला एक कड वर काढून हौदात शांतपणे फिरत होता. एका पोराने तो उलटा करून पाहिला. विचारलं तर म्हणाला, "खालून राम लिहिलंय का बघतो."

इथवर प्रकरण जिंकल्यासारखं होतं. मग ही पुढे आली. आमच्या हिने चौतीस वर्षं १६० चौरस फुटांत संसार केला. जमीन नसल्यामुळे तिचा सगळा संसार भिंतीवर असतो: फडताळ, मांडणी, कॅलेंडर, चाव्या, पिशव्या, देव. तिने विचारलं, "यात खिळा बसतो का?" मिस्त्रींनी चार इंची खिळा ठोकला. तो लोण्यात शिरावा तसा शिरला, आणि टोपी टांगल्याबरोबर पिठासकट खाली आला. "याला निराळे प्लग मिळतात," मी म्हणालो. "आणि सासऱ्यांचा फोटो? तो काय प्लगवर लटकवू?" ही म्हणाली. त्या संध्याकाळी तह झाला. मावळतीची भिंत सिपोरेक्सची, कारण दुपारनंतरचं तिरपं ऊन तीच खाते. बाकी तीन भट्टीच्या विटांच्या. वडील वारकरी होते. आता विटेवरच उभे आहेत.

खिडक्यांचं मी पुस्तक वाचून ठरवलं होतं. राष्ट्रीय इमारत संहितेत सोय आहे: कोरड्या उष्ण हवेत खोलीच्या जमिनीच्या एक दशांश खिडक्या हव्यात, दमट उष्ण हवेत एक षष्ठांश. मी उदारपणे एक षष्ठांश ठेवल्या. पण संहिता लिहिणाऱ्यांनी आमच्या फॅब्रिकेशनवाल्याला बघितलेलं नव्हतं. त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवल्या. स्लायडिंग खिडकीचा गुण असा की ती कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाही. डावी उघडायची तर ती उजवीच्या मागे जाऊन लपते, उजवी उघडली की डावीच्या मागे. सरकारी खात्यात अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला ही रचना चटकन समजेल. वर डासांची जाळी. एक षष्ठांशाचे झाले एक द्वादशांश, त्यातलं निम्मं जाळीने खाल्लं, आणि उरलेल्यातून काय आलं असतं त्यावर हिने पडदे लावले. पडदे एलिव्हेशनला जुळणारे.

अक्षय तृतीयेला वास्तुशांत झाली. मुहूर्त उत्तम होता, ऊन त्याहून उत्तम.

पहिल्या रात्री अकरा वाजता मला वाटलं आपल्याला ताप आला. हिच्या कपाळाला हात लावला, तिलाही तसाच. मग स्टूल घेऊन स्लॅबला हात लावला. भाकरी उतरवल्यावर जरा वेळाने तवा असतो, तसा. पाच इंची काँक्रीट दिवसभर ऊन पितं. त्याला ते खालच्या बाजूला पोचवायला तीन-चार तास लागतात, आणि आपण आडवे होतो त्याच सुमाराला ते सगळं परत द्यायला बसतं. व्याजासकट. केंद्राने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली आहे. छपरातून उष्णता किती झिरपावी याची तिच्यात मर्यादा दिली आहे, १.२. नुसत्या स्लॅबचा हाच आकडा साडेतीनच्या पुढे. अर्थात ती मोठ्या प्रकल्पांसाठी. आमच्यासारख्या एकट्या घराला कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर पुढचं कमळ दाखवता येतं.

पंखा लावला. पंख्याबद्दल आपल्या सगळ्यांचाच एक गैरसमज आहे. तो हवा गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो, एवढंच. वर टांगलेला असल्यामुळे स्लॅबखाली साचलेली गरम हवा गोळा करून तो इमानाने खाली वाढतो. पाचवर लावला की पंगतीला जोर येतो.

"गच्चीवर जाऊन झोपू," मी म्हणालो. हिने माझ्याकडे नुसतं बघितलं. आमच्या तालुक्यात हे वाक्य जपून बोलावं लागतं. उसात बिबट्या, मक्यात बिबट्या, माणिकडोहला पकडून आणलेल्या बिबट्यांसाठी सरकारने वेगळं केंद्रच काढलेलं. आमचा जिना एलिव्हेशनसाठी बाहेरून घेतलेला. बिबट्याला तो चढायला दार वाजवावं लागत नाही. त्याच धसक्याने हिने खिडक्याही लावून घेतल्या होत्या, त्या अर्ध्या उघडणाऱ्यासुद्धा. भाच्याला कळवायला हवं होतं की त्याचं हवाबंद घर बेल्ह्यात तयार झालं. यंत्र तेवढं राहिलं.

रात्री एकला मी बॅटरी घेऊन बाहेर पडलो. बिबट्याची भीती होतीच, पण स्लॅबपेक्षा बिबट्या परवडला. शंभर पावलांवर चुलतभावाची कांद्याची चाळ. आडोशाला म्हणून गेलो आणि दोन ओळींमधल्या बोळकांडीत पाय टाकताच थांबलो. वारा होता. जोराचा नाही, पण होता. खालून पायांवरून येत होता, कांद्यांमधून फिरत होता आणि डोक्यावरून निघून जात होता. कांद्याच्या सालींची बारीक कुजबुज चालली होती. मी एक रिकामं बारदान अंथरलं आणि टेकलो.

सकाळी भाऊ पुढ्यात उभा. "दादा, कांदा हलवला नाही ना? पापुद्रा निघतो."

मी म्हटलं, "अरे, माझी चौकशी कर की."

"तुझा काय पापुद्रा निघणार?" तो म्हणाला आणि रोजच्याप्रमाणे नाक वर करून चाळीतून वास घेत निघाला. एक कांदा सडला की शेजारचे दहा नेतो, म्हणून रोज सकाळी तो नाकाने हजेरी घेतो.

त्या दिवशी मी चाळ नीट पाहिली. घर बांधायच्या आधी पाहायला हवी होती. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच मोकळा पाया, वर फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, त्यावर कांदा. एका पाखीची रुंदी चार फूट, जास्त केली तर मधल्या कांद्याला वारा लागत नाही. ढीग पाच फुटांचा. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी पूर्व-पश्चिम. आत पंचवीस ते तीस अंश आणि पासष्ट-सत्तर टक्के आर्द्रता मिळाली की कांदा दिवाळीपर्यंत गपगुमान बसतो. कांदा श्वास घेतो, त्याची ऊब होते, ऊब वर जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा शिरते. वीज नाही, यंत्र नाही.

"आणि वर सिमेंटचा पत्रा का रे? लोखंडी स्वस्त पडला असता."

"लोखंडी चालत नाही. तापतो. खात्याने माहितीपत्रकात लिहूनच दिलंय, सिमेंटचा नाहीतर कौल."

मी हिशोब केला. तालुक्यात कितीतरी माणसं लोखंडी पत्र्याखाली राहतात. कांद्याला मात्र मनाई. कांद्याच्या घराला अनुदानही, कितीतरी वर्षं टनामागे साडेतीन हजार. माझं वजन अडुसष्ट किलो. त्या हिशोबाने मला २३८ रुपये बसतात.

एकदा नजर गेली की मग सगळीकडे तेच दिसायला लागतं. पलीकडच्या पोल्ट्रीचं शेड लांबीने पूर्व-पश्चिम, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन फक्त अरुंद बाजूला. बाजू जाळीच्या, गोणपाटाचे पडदे हवे तेव्हा वर-खाली. उन्हाळ्यात छपरावर उसाचं पाचट आणि त्यावर तुषार. कोंबडीला घाम येत नाही, म्हणून तिची एवढी बडदास्त. गोठ्यात संकरित गाईला फॉगर. बेल्ह्याच्या शेतकऱ्याला घर कसं बांधावं हे कळत नाही, असं म्हणणारा मूर्ख. त्याला सगळं कळतं. फक्त आत राहणारा विकता येण्यासारखा असला पाहिजे.

भावाने माझं घर हातात घेतलं, आजारी गाय घ्यावी तसं. आधी गच्चीवर चुना मारला, दोन हात घट्ट. त्यावर पाचट पसरलं. त्या रात्री स्लॅबला हात लावला तर तवा विझलेला. मृगाआधी पाचट काढून विटांच्या तुकड्यांचा कोबा केला आणि वर फुटक्या पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवले. हे काम करणारे कारागीर आपल्याकडे चांगले आहेत. ते कोबा गळती थांबवायला म्हणून करतात, गारवा त्यांच्याकडून फुकट मिळतो. मग स्लायडिंग काढून दोन झडपांच्या खिडक्या लावल्या. त्या उघडल्या की उघडतात. बिबट्यासाठी लोखंडी गज.

खरं भांडण झालं ते खालच्या भोकांवरून. भावाचं म्हणणं, जमिनीलगत समोरासमोरच्या भिंतींना वीत-वीत उंचीची भोकं पाडायची आणि स्लॅबच्या खाली तशीच वरती. मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. "घराला खालून भोकं? लोक म्हणतील मिस्त्रीला पाया जमला नाही." ही म्हणाली, "साप?" भाऊ म्हणाला, "जाळी मारू की. चाळीला उंदरासाठी मारतोच." मिस्त्रींची सासुरवाडी खोडदची. त्यांना मी दुर्बिणीची आठवण दिली. खोडद आणि भोवतालच्या शिवारांत पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. गोविंद स्वरूप नावाच्या शास्त्रज्ञाने त्या भरीव पत्र्याच्या न करता तारांच्या जाळीच्या केल्या, म्हणजे वारा आरपार जावा आणि तबकडीही हलकी व्हावी. "एवढी मोठी दुर्बीण वाऱ्याला वाट देते," मी म्हणालो, "आणि आपण अडवायचा?" मिस्त्री विचारात पडले. म्हणाले, "तिच्याकडं पाहुणे नसतात राहायला." पण भोकं पाडली.

घर काही महाबळेश्वर झालं नाही. भिंतीवर एक साधा तापमापक लावलाय, त्यात आधीच्या आणि नंतरच्या दुपारी दोन-तीन अंशांचा फरक दिसतो. दोन-तीन अंश म्हणजे काय, हे रात्री एकला ज्याने बारदान अंथरलंय त्याला विचारावं.

मग थंडी आली. भाच्याने विचारलं, "मामा, हीटिंगचं काय केलंत?" आमच्या भागात हीटिंगसुद्धा आहे, पण ते द्राक्षांना. नारायणगावकडे पारा फार उतरला की बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या करतात आणि पहाटे पाणी सोडतात, वेलीला बाधू नये म्हणून. घरातली माणसं त्याच शेकोटीला हात धरतात. ही सेंट्रल हीटिंगची आमची पद्धत.

आमच्याकडे तांब्याचा बंब आहे. मुंबईत तो चौतीस वर्षं पोटमाळ्यावर उलटा पडून होता, कारण खोलीत धूर करायला चाळ कमिटीची परवानगी नव्हती. मधल्या नळीत मक्याची बुरकुंडं टाकायची, एक फुंकर, आणि पंधरा मिनिटांत पाणी कडकडीत. बंब पडवीत ठेवतो. काही लोक शेगडी आत घेऊन दारंखिडक्या लावून झोपतात, त्यांना रात्री ऊब येते आणि सकाळी जाग येत नाही. दक्षिणेच्या खिडकीतून मार्गशीर्षात ऊन तिरपं होऊन थेट देवघरापर्यंत येतं. ही तिथे पाठ शेकत पोथी वाचते. उन्हाळ्यात सूर्य वर चढला की छज्जा ते आत येऊ देत नाही. लेण्याद्रीवरून एवढं तरी आम्ही खाली घेऊन आलो.

खालची भोकं मात्र थंडीत बोचायला लागली. पौषात भावाने कांद्याची रिकामी बारदानं आणून एकेका भोकात कोंबली. मिस्त्रींना ते पाहवलं नाही. त्यांनी एलिव्हेशनकडे एकदा बघितलं, कमळाकडे बघितलं, आणि ते या घराचा फोटो कुणाला दाखवत नाहीत.

याच दिवसांत एका सकाळी मोटारसायकलवरून एक तरुण साहेब आले. कृषी खात्याकडून, चाळींची पाहणी करायला. भावाने अनुदानाचा अर्ज केला होता. भाऊ शेतावर, मी बंबापाशी. साहेबांनी गाडी लावली आणि आमच्या घराभोवती एक चक्कर मारली. पूर्व-पश्चिम लांबी पाहिली. वाकून खालची जाळी पाहिली, बारदान बोटाने चाचपलं. वरच्या झरोक्यांकडे मान वळवली. पांढऱ्या छपराकडे बघून समाधानाने मान हलवली. मोबाईल आडवा धरून घराचा फोटो काढला, जागेच्या खुणेसकट. खिशातून फॉर्म काढला आणि दारात उभ्या असलेल्या हिला विचारलं,

"काम चांगलं केलंय ताई. किती टनी आहे?"

ही म्हणाली, "टनाचं नाही माहीत भाऊ. आत नग दोनच आहेत. त्यातला एक वास मारायला लागलाय, तो निवडून काढायचाय."